‘परत एकदा’ न म्हणणारे जगदीशभाऊ

कडावच्या जगदीशभाऊंना लग्नाचे फोटो काढायला बोलवायचं असेल तर आधी मला विचारा. मी काही त्यांची एजंट नाही. दहिवलीत माझं लहानसं पार्लर आहे, नवऱ्या सजवते मी. नवरी सजवणारी बाई आणि नवरीचे फोटो काढणारा माणूस यांचं कधी पटत नसतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारून बघा. त्याला घाई, आम्हाला घाई, आणि मध्ये ती बिचारी नवरी. तरी मला विचारा. कारण या माणसावर मी जेवढी चिडलेय तेवढी त्याची बायकोसुद्धा चिडली नसेल, आणि या माणसाने माझ्यावर जे उपकार केलेत ते मी जन्मात विसरणार नाही.

दिसायला म्हणाल तर काही विशेष नाही. पन्नाशीचा काटक माणूस, चौकड्यांचा शर्ट, पायात सँडल, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. घरची भातशेती आहे, गोठ्यात म्हशी आहेत. पहाटे धारा काढायच्या, दूध डेअरीवर घालायचं आणि मग लग्नाला निघायचं. त्यामुळे सकाळच्या मुहूर्ताला आले की अंगाला गोठ्याचा वास असतोच. मी मुद्दाम नाक धरते. "भाऊ, आज कुठला सेंट?" ते गंभीर तोंड करून म्हणतात, "ओरिजिनल हाय ताई. डुप्लिकेट आमी वापरत नाय."

त्यांनी हे काम शिकलं कर्जतला, स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत. तेव्हा रोलचा जमाना होता. लग्नाला जाताना शेठ मोजके रोल हातात द्यायचा आणि वर दम द्यायचा. त्यामुळे बटण दाबताना जीव वरखाली व्हायचा, असं भाऊ सांगतात. मग डिजिटल आलं आणि माणूस सुटलाच. रोल संपायची भीती गेली, मग काय, मांडवाच्या खांबाचे फोटो, जेवणाच्या पंगतीचे फोटो, एकाच आत्याचे वीस फोटो. हजारोंनी फोटो निघायला लागले. गिऱ्हाईकही खूश. पेनड्राइव्ह गच्च भरून मिळाला की लोकांना वाटतं, वसूल झालं. तो पेनड्राइव्ह पुढे कपाटात पडून राहतो, हे कोण कुणाला सांगणार!

आणि त्याच्या जोडीला आलं ते ‘परत एकदा’. आमच्याकडच्या लग्नात खरं तर भटजींपेक्षा फोटोग्राफरचं जास्त चालतं. अंतरपाट बाजूला झाला, हार पडले, टाळ्या वाजल्या, की हा ओरडणार, "परत एकदा! इकडं बघून!" मग हार काढायचे आणि पुन्हा घालायचे. मंगळसूत्र घातलं, परत एकदा. कुंकू लावलं, परत एकदा. नवऱ्याने घास भरवला, तो गिळायच्या आत परत एकदा. माझ्या चुलत नणंदेचा नवरा त्याच्या लग्नात एवढ्या जिलब्या खाऊन बसला की सत्यनारायणाच्या पूजेला त्याला उठवेना. सगळे हसतात आणि करतात. मीही माझ्या लग्नात केलं. हसत हसत केलं, खोटं कशाला बोलू.

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, चौकच्या आतल्या अंगाला. लॉकडाऊन उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तेव्हा सगळ्यांचीच तुंबलेली लग्नं एकदम निघाली होती, मिळेल तो फोटोग्राफर धरायचा. आमच्या बाबांना कुणीतरी कडावच्या जगदीशचं नाव सांगितलं. हळदीपासून ते हजर. कॅमेरा नुसता खडखड वाजत होता.

आता माझ्या आईबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी आई सोनाबाई कमी बोलणारी. कमी म्हणजे किती, तर मला दहावीला फर्स्ट क्लास मिळाला, मी नाचत घरी आले, तर ती म्हणाली, "जेवून घे." एवढंच. बाबांचं उलटं. त्यांना टीव्हीवर कुणी रडलं तरी हुंदका येतो. आई लग्नघरातसुद्धा कुठे एका जागी दिसली नाही. भात किती शिजला, पाहुण्यांच्या आंघोळीला पाणी तापलं का, गुरांना चारा कुणी घातला, हेच. मी हळद लावून बसलेय आणि आई गोठ्यात, असा प्रकार. मला राग येत होता. एकदा तरी समोर येऊन बस की गं, बाई!

आली ती शेवटी पाठवणीला. बाबा अंगणात लहान पोरासारखे रडत होते, त्यांना धरायला दोघं लागले. करवल्या रडत होत्या, मावश्या रडत होत्या. आई मागून पुढे आली आणि मला तिने घट्ट धरलं. माझं तोंड तिच्या खांद्यात गेलं. पदराला चुलीच्या धुराचा वास होता. तिचं अंग हललं, तेवढं मला कळलं. पण चेहरा दिसला नाही. जवळ धरलेल्या माणसाचं तोंड आपल्याला दिसत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. सोडताना तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला आणि मान फिरवली.

आणि तेवढ्यात जगदीशभाऊ ओरडले. "अरे अरे! काकी, थांबा! परत एकदा! परत एकदा घ्या पोरीला जवळ, मी जरा मागचे फोटो बघत व्हतो."

मी तशीच वळून पाहिलं. त्यांची मान कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरून नुकतीच वर आली होती. बाबा रडतानाचे फोटो नीट आलेत का, ते बघत होते म्हणे.

आई पाठमोरीच होती. ती म्हणाली, "एकदा दिली ना पोरगी. परत कशी देऊ रं?" आणि सरळ घरात गेली. आत जाऊन तिने कडी लावली. मी गाडीत बसले तरी ती बाहेर आली नाही.

गाडी कर्जत रस्त्याला लागली आणि मागच्या सीटवरची माझी एक मामी, तिला माझ्या कानांची काही पर्वाच नाही, ती म्हणाली, "सोनाबाईचं काळीज दगडाचं हाय बाई. एक टिपूस नाय काढला." मी शेजारी बसलेल्या साईनाथकडे बघितलं. नवा नवरा, तो फेट्याचं टोक सारखं करत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आई रडली का नाही? मला धरलं तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं? का नुसतीच, चला, एक काम उरकलं? मला फक्त तिचं ते तोंड बघायचं होतं. दागिने नकोत, साड्या नकोत. ते तोंड जगात एकाच माणसाला पकडता आलं असतं, आणि तो गाढव मागचे फोटो बघत होता.

हो, गाढवच म्हणाले मी. मनात म्हणाले आणि पुढे तोंडावरही म्हणाले.

झालं असं की पावसाळा सरता सरता भाऊ अल्बम घेऊन दहिवलीला आमच्या घरी आले. हा जाडजूड अल्बम, पानं अशी की पोळपाट बरा. सासूबाई कौतुकाने बघत होत्या, साईनाथ स्वतःचे फोटो शोधत होता. मी पानामागून पान उलटत गेले. आई कुठाय? एका फोटोत ताट घेऊन जाणारा हात होता, बांगड्यांवरून मी ओळखला. एकात पाठ होती. एकात काकांच्या मागे अर्धा कान. तोंड कुठेच नाही. मी अल्बम मिटला आणि माझा तोल गेला.

"भाऊ, एवढा ढीग फोटो काढलात ना? मग माझी आई कुठाय? मांडवाचे खांब आलेत, बैल आलाय, वरातीच्या गाडीच्या ड्रायव्हरचाही फोटो आलाय. माझी आई कुठाय? गाढवासारखे मान खाली घालून बसलात तेव्हा!"

सासूबाई दचकल्या. नवी सून, पहिलंच वर्ष, आणि पाहुण्या माणसाला गाढव म्हणते! साईनाथने माझा हात हळूच दाबला. पण जगदीशभाऊ रागावले नाहीत. त्यांनी अल्बम स्वतःकडे ओढला आणि पहिल्यापासून एकेक पान बघितलं. खूप वेळ बघत बसले. शेवटी म्हणाले, "ताई, खरं हाय. त्या दिवशी मी कॅमेऱ्यातच बघत ऱ्हायलो. लगीन मी बघितलाच नाय." चहा ठेवला होता, तो न घेता ते उठून गेले. मला वाटलं, गेला, आता हा माणूस काही पुन्हा आपल्याला दिसत नाही.

पण कर्जतचा तालुका केवढासा! पुढल्या वर्षी मी पार्लर काढलं, नवऱ्या सजवायची कामं घ्यायला लागले, आणि नेरळच्या एका हॉलमध्ये समोर कोण, तर हेच. मी मानेनेच नमस्कार केला. मग माझं लक्ष त्यांच्या कॅमेऱ्याकडे गेलं. मागच्या स्क्रीनवर काळी टेप चिकटवली होती. वायरमन वापरतात ना, तीच टेप, चांगली आडवी-उभी.

"स्क्रीन फुटली वाटतं, भाऊ?"

"नाय. मीच बंद केली. ती बघत बसलो की समोरचा माणूस दिसत नाय." आणि लगेच, "तुमचीच किरपा," असं म्हणून हसले. खोचक नव्हे, खरंच हसले.

त्या दिवसापासून मी हा माणूस बघत आलेय. त्यांनी कामाची पद्धतच मुळापासून बदलली. लग्नाच्या आदल्या दिवशी ते कॅमेरा न घेता घरी जातात. ओटीवर बसतात, चहा घेतात, म्हशींचं बोलतात, पावसाचं बोलतात. कोण आजी, कोण काका, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कोण पोरीवर जीव टाकतंय पण दाखवत नाही, हे सगळं बघून ठेवतात. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन आले की बराच वेळ नुसते उभे. बगळा बांधावर उभा असतो ना, अगदी तसे. लोक ओरडतात, "भाऊ, काढा ना!" भाऊ मान डोलावतात आणि उभेच. मग मध्येच कधीतरी एक फोटो. आणि ‘परत एकदा’ हा शब्द त्यांनी तोंडातून काढूनच टाकला. सुटला तर सुटला म्हणतात.

आता हे ऐकायला छान वाटतं. पण धंद्याचं काय? मी तर त्यांच्याशी भांडभांड भांडलेय. अहो, मी दोन-दोन तास बसून नवरीचे डोळे रंगवायचे, आणि यांनी तिचे चार फोटो काढून गप्प बसायचं? नवऱ्या माझ्यावर चिडायच्या, "ताई, त्यांना सांगा ना परत घ्यायला." मी सांगायचे. ते म्हणायचे, "आला हाय चांगला." "कशावरून? टेप लावलीय तुम्ही!" "मी बघितलाय ना डोळ्यानं." काय करायचं अशा माणसाचं? आमच्या भागात विकास म्हणून एक पोरगा आहे, त्याच्याकडे ड्रोन, धूर सोडायचं मशीन, सगळं. लोक धडाधड त्याच्याकडे गेले. एका हंगामात तर भाऊंना इतकी कमी लग्नं आली की त्यांची बायको माझ्या पार्लरमध्ये येऊन बसली. "काय डोक्यात भरवलंत तुमी यांच्या? टेप लावून बसलेत! म्हशी हायत म्हनून चूल पेटते आमची." मी त्यांना पाणी दिलं आणि आयब्रो फुकट करून दिल्या.

पण हळूहळू गंमत व्हायला लागली. लोक मला फोटो दाखवायला आणायला लागले. कडावच्याच एका हळदीचं सांगते. आमच्याकडे हळदीला धवलारीण येते. मांडवात बसून लग्नाचे धवले गाणारी बाई. हल्ली डीजेच्या आवाजात तिचं कुणी ऐकत नाही, आणि फोटोग्राफर तर तिला बाजूलाच सरकवतात, फ्रेममध्ये येते म्हणून. त्या दिवशी भाऊ तिच्या समोर उकिडवे बसले आणि तिचं गाणं संपेपर्यंत बसूनच राहिले. सगळे वैतागले, मी पण. नंतर फोटो आला. म्हातारी डोळे मिटून गातेय आणि तिच्या मांडीशी बसलेली नवरी तिच्या तोंडाकडे बघतेय, हळदीने माखलेली, मेकअपबिकअप काही नाही. त्या पोरीने तो फोटो सासरी मोठा करून लावलाय. माझ्या मेकअपचा एकही लावलेला नाही! आता बोला.

मग ज्यांना कळलं ते त्यांच्याकडे यायला लागले. विकासकडे जाणारे विकासकडे जातात, त्याचंही काम चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्या घरात कुणी म्हातारं आहे, कुणी आजारी आहे, कुणाची पोरगी लांब जाणार आहे, ते कडावला फोन करतात. म्हशींवरचा भार जरा कमी झाला.

माझ्या मनातलं मात्र तसंच होतं. आईशी सगळं सुरळीत होतं, म्हणजे जसं आधी होतं तसं. मी सणाला जायचे, ती तांदूळ द्यायची, पापड द्यायची, "बरी हायस ना?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत चुलीकडे वळायची. एकदोनदा मी विचारायला तोंड उघडलं. आई, त्या दिवशी तू रडलीस का गं? पण काय करू, ओठावर आलेलं तसंच गिळलं. असलं काही विचारायची आमच्या घरात रीतच नाही.

गेल्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी. आणि बाळंतपण म्हणजे काय असतं ते जिचं तिलाच माहीत. टाके दुखतात, झोप नाही, बाळ रडतं, आपणही रडतो, आणि का रडतो ते सांगता येत नाही. मी दुसऱ्यांच्या पोरींना सजवणारी, माझी अवस्था काय, तर डोक्याला रुमाल, कानात कापूस, डोळ्यांखाली काळं. येणारा प्रत्येक माणूस मला ओलांडून बाळाकडे जायचा. नाक कुणासारखं, रंग कुणावर गेलाय. मला कुणी विचारलं तर एवढंच, "दूध पुरतंय ना?" आईचं चाललं होतं तिचं. पहाटे उठून पाणी तापवायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, मला शेक द्यायचा, डिंकाचा लाडू पुढे ठेवायचा. तोंडाने शब्द नाही.

बारशाला फोटो कुणी काढायचे यावर साईनाथ म्हणाला, मोबाईल आहेत की सगळ्यांकडे. मी म्हणाले, नाही, जगदीशभाऊंना बोलवा. का म्हणाले? कारण मला त्यांना एक संधी द्यायची होती. खरं सांगायचं तर मला स्वतःला एक संधी हवी होती. नातीला घेतलेली आई, तिचं तोंड, यावेळी तरी येईल. आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला आठी घातली. "त्यो? त्यो परत परत करायला लावनारा?"

"आता नाही लावत गं तो."

भाऊ ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशी आले, हात हलवत. पडवीत बसले. मी आतल्या खोलीत बाजेवर होते, तिथून सगळं दिसत होतं. आई आणि ते म्हशींवर बोलत होते. आमची एक म्हैस आटली होती, तिला काय घालावं यावर दोघांचं असं काही रंगलं की मी थक्क झाले. माझी आई एका दमात एवढं बोलते! माझ्याशी नाही बोलली कधी. माझं तर तोंडच उतरलं. संध्याकाळी दिवा लागायच्या आधी ते गेले. कॅमेऱ्याचा विषयही निघाला नाही.

बारशाच्या दिवशी घर गच्च भरलं. पाळणा फुलांनी सजवला होता. बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याखालून वरून बाळ या हातातून त्या हातात फिरायला लागलं. झालं, सगळ्यांचे मोबाईल वर. पाळण्याभोवती नुसता हातांचा मांडव. मी भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते, कंबर धरून आली होती. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, ऋतिका. पाठीत गुद्दे बसले, हशा झाला. आई पाळण्याची दोरी धरून उभी होती.

आणि भाऊ कुठे होते? दाराशी. कॅमेरा पोटाशी धरून, बगळा. मी डोळ्यांनी खुणावलं, काढा की! त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नाव ठेवून झालं, बाळ पाळण्यात गेलं, आई दोरी ओढायला लागली, आणि हा माणूस उभाच. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाने आलं. म्हटलं, आजही चुकणार. काळी टेप लावली म्हणून काय झालं, हा माणूस माझ्या आईचं तोंड पकडणारच नाही, माझ्या नशिबातच नाही ते. मी रुमालाने डोळे पुसले आणि भिंतीला डोकं टेकून मिटून घेतले. त्या गलबल्यात मला कॅमेऱ्याचा आवाजही आला नाही. जेवणं झाली, भाऊ घुगऱ्या बांधून घेऊन निघून गेले. मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

आठवड्याभराने सकाळी मोटारसायकल वाजली. दुधाचं रिकामं कॅन मागे बांधलेलं, आणि हातात खाकी पाकीट. "मोजकेच काढलेत," म्हणाले, "बाकीचे बघा सावकाश. ह्यो आधी बघा."

मी फोटो हातात घेतला. पाळण्यावर वाकलेल्या बायका, त्यांचे मोबाईल, बाबा, आत्या, साईनाथ, सगळ्यांची तोंडं पाळण्यात. सगळ्यांची! आणि त्यांच्या मधोमध, दोरी हातात धरलेली माझी आई. तिची एकटीची मान वळलेली. पदर डोक्यावरून घसरलेला, तिला भान नाही. ती पाळण्याकडे बघत नव्हती. कडेला, भिंतीशी, डोक्याला रुमाल बांधून डोळे मिटून एक दमलेली पोरगी बसली होती, तिच्याकडे बघत होती. तोंड असं, की आता रडेल. हनुवटी गच्च आवळलेली, डोळे काठोकाठ भरलेले. असं तोंड मी तिचं आयुष्यात बघितलं नव्हतं. म्हणजे ते असणार सगळीकडे, रोज. मीच कधी बघितलं नव्हतं, कारण बघायला गेलं की ती चुलीकडे वळायची.

"भाऊ," मी म्हणाले आणि फोटोतल्या आईच्या तोंडावर बोट ठेवलं.

ते म्हणाले, "आदल्या दिवशी बघितला ना मी. काकी पडवीत बोलत व्हत्या म्हशीचा, पन दर टायमाला नजर आत तुमच्यावर. बाळ रडला तरी आधी तुमच्याकडं बघायच्या." आणि मग खाली बघून, "एवढाच पायजे व्हता मला बी."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मागे उडी मारली, "अहो, काय करताय ताई, टाके हायत तुमचे!" देवाशप्पथ सांगते, आईबापांनंतर कुणाचे पाय धरावेसे वाटले असतील तर या म्हशीवाल्या माणसाचे. किती फोटो काढलेत माझ्या लग्नात त्यांनी, आणि किती मोबाईलमध्ये आहेत माझ्या. हा एकच पुरला मला.

ते गेल्यावर मी फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर बसले आणि फोटो धरला. तिने पिठाचे हात बाजूला धरून, मान पुढे करून बघितलं.

"आई," मी विचारलं, "सगळे बाळाकडे बघतायत. तू नाही बघत?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. मला वाटलं, झालं, आता "जेवून घे" म्हणणार.

"बाळाला बघायला अख्खा गाव व्हता," आई म्हणाली. "माज्या पोरीकडं कोन बघनार?"